श्रद्धा, सावधानता आणि समुद्रकिनारा : तरंगंबाडी-तंजावरच्या इतिहासातून

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, औषधांवरील खर्च आणि देणग्यांचा हिशेब दिलेला असतो. जो माणूस वेळीच सावध राहिल्यामुळे रुग्णालयापर्यंत आलाच नाही, त्याची नोंद मात्र कोणत्याही तक्त्यात होत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या बाबतीत अशा न नोंदलेल्या माणसांची संख्या मोठी असू शकते. बुडणे, वादळात सापडणे, पुराच्या पाण्यातून येणारे ताप, सर्पदंश, तुटलेल्या वीजतारेचा धक्का अशा किनारी जीवनातील बहुतेक आपत्तींवर शस्त्रक्रियागृहापेक्षा घरातील सवय अधिक परिणामकारक ठरते. अहवालाची ही काही पाने त्या सवयीविषयी आहेत.

पूर्वतयारीचा विषय निघाला की एक उत्तर हमखास ऐकू येते : "जे व्हायचे ते देवाच्या हाती." रुग्णशय्येजवळ हे वाक्य डॉक्टरांनी असंख्य वेळा ऐकलेले असते आणि त्याची थट्टा करण्याचे काहीच कारण नाही. शोकाकुल माणसाला त्याने धीर येतो. अडचण होते ती हेच वाक्य संकटानंतर उच्चारले न जाता संकटाच्या आधीच उच्चारले जाते तेव्हा. मग ते सांत्वन राहत नाही, काम टाळण्याची सबब होते. श्रद्धा आणि सावधानता यांचे खरोखर वैर आहे काय, हा प्रश्न सर्वच धर्मांत विचारला गेला आहे. येथे त्याचे एकच उदाहरण घेतले आहे, तेही प्रॉटेस्टंट ख्रिस्ती परंपरेतले आणि चोळमंडलच्या किनाऱ्यावरचे. भारतातील प्रॉटेस्टंट मिशनकार्याचा आरंभ त्या किनाऱ्यावर झाला, आणि त्याची पुढची हकीकत तंजावरच्या भोसले राजांशी, म्हणजे दूरदेशी नांदलेल्या मराठी घराण्याशी, गुंतलेली आहे.

चार नांगर आणि प्रार्थना

तरंगंबाडी हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील समुद्रकाठचे गाव. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने करार करून ते डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना वसाहतीसाठी दिले. त्यांनी तेथे डान्सबोर्ग नावाचा किल्ला बांधला आणि गावाचे नाव त्यांच्या तोंडी 'ट्रंकेबार' झाले. ९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस त्सीगनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्यूचाउ हे दोन तरुण जर्मन धर्मोपदेशक डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने तेथे उतरले. त्सीगनबाल्ग तमिळ शिकले, त्यांनी मुद्रणालय उभारले आणि १७१५ पर्यंत नवा करार तमिळमध्ये छापून पूर्ण केला. १७१८ साली 'नवे यरुशलेम' चर्च उभे राहिले. पुढल्याच वर्षी, चाळिशीही न गाठता, त्सीगनबाल्ग वारले. त्याच चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. चर्च आजही उभे आहे. गावातले मासिलामणिनाथाचे मंदिर त्याहून चारशे वर्षांनी जुने, पांड्य राजाच्या काळातले. त्याचा पुढचा भाग मात्र समुद्राने हळूहळू गिळून टाकला. समुद्र कोणत्या धर्माचा दगड आहे हे पाहत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

या उपदेशकांची घडण जर्मनीतील हाले या शहरात झाली होती. तेथील आउगुस्ट हेर्मान फ्रांके या पाळकांना १६९५ साली दानपेटीत चार थालर आणि सोळा ग्रोशन एवढी रक्कम एकदम मिळाली. तेवढ्या पैशांत त्यांनी पुस्तके घेऊन गरिबांच्या मुलांसाठी वर्ग सुरू केला. त्यातून पुढे अनाथगृह, शाळा आणि औषधशाळा उभी राहिली. औषधांच्या विक्रीतून अनाथगृहाचा खर्च भागू लागला आणि औषधांच्या पेट्या जहाजाने तरंगंबाडीपर्यंत जाऊ लागल्या. देणगीदारांच्या माहितीसाठी १७१० पासून मिशनकार्याचे वृत्तान्त हाले येथे छापले जात. आपल्या वार्षिक अहवालांचे ते पूर्वजच म्हणावयास हवेत. फरक एवढाच, की त्यांचा मजकूर समुद्रमार्गे पोहोचायला महिनोन् महिने लागत. आमचा अहवाल उशिरा निघाला तर आम्हाला तशी सबब नाही.

या मंडळींचा मूळ विचार मार्टिन ल्यूथर यांचा. १५२७ साली विटेनबर्ग शहरात प्लेग आला. जीवघेण्या साथीच्या वेळी ख्रिस्ती माणसाने पळून जावे काय, असा प्रश्न दुसऱ्या शहरातील पाळकांनी ल्यूथरना विचारला होता, आणि त्याच सुमारास त्यांनी एक सविस्तर पत्र लिहून त्याचे उत्तर दिले. त्याचा आशय असा : ज्यांच्यावर इतरांची जबाबदारी आहे, त्यांनी, म्हणजे पाळकांनी, अधिकाऱ्यांनी, रुग्णांची सेवा करणाऱ्यांनी, आपली जागा सोडू नये. ज्यांच्यावर तशी जबाबदारी नाही, त्यांनी दूर जाण्यात पाप नाही. घरात धुरी द्यावी, औषध घ्यावे, गरज नसेल तेथे जाऊ नये, आपल्यामुळे दुसऱ्याला संसर्ग होऊ देऊ नये. आणि जो औषध नाकारतो, सावधगिरीला भित्रेपणा म्हणतो आणि देव वाचवील म्हणून रोगात बेफिकीर वावरतो, त्याची ती श्रद्धा नव्हे. तो देवाची परीक्षा पाहतो आहे. साथीचे खरे कारण तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. तरीही हे पत्र आज वाचताना एखाद्या आरोग्य अधिकाऱ्याच्या परिपत्रकासारखे वाटते. स्वतः ल्यूथर विटेनबर्गमध्येच राहिले आणि आपले घर त्यांनी आजाऱ्यांसाठी उघडले.

किनाऱ्यावरच्या लोकांसाठी बायबलमधील याहून जवळचे उदाहरण 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. कैदी पौलाला रोमकडे नेणारे जहाज भूमध्य समुद्रात वादळात सापडते. हंगाम उलटून गेला आहे, पुढे जाऊ नये, असे पौलाने आधीच सांगितलेले असते. पण कप्तान आणि जहाजमालक यांचा शब्द वजनदार ठरतो. चौदा रात्री वादळात गेल्यावर खलाशी पाण्याची खोली मोजतात, खडक जवळ आल्याचे ओळखतात, जहाजाच्या मागल्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडण्यासाठी प्रार्थना करतात. नांगर टाकणे आणि प्रार्थना करणे, दोन्ही एकाच श्वासात सांगितलेले आहे. यांतले एक केल्याने दुसऱ्याची गरज उरत नाही, असे तेथे कोणालाही वाटत नाही. कोणाच्याही जिवाला अपाय होणार नाही असे अभिवचन मिळालेले असूनही, खलाशी होडी घेऊन पळू पाहतात तेव्हा पौल शताधिपतीला बजावतो, की ही माणसे जहाजावर राहिली नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. मग तो सर्वांना जेवायला लावतो, कारण पुढे अंगात ताकद लागणार आहे. जहाज फुटते. ज्यांना पोहता येते ते आधी उड्या घेतात, बाकीचे फळ्यांवर तरंगत येतात, आणि दोनशे शहात्तर जण जिवंत किनाऱ्याला लागतात. त्सीगनबाल्ग यांच्या तमिळ छापखान्यातून सर्वप्रथम जे भाग निघाले, त्यांत चार शुभवर्तमानांबरोबर हे पुस्तकही होते.

तंजावरचे धान्य

तत्त्व सांगणे सोपे. त्याची परीक्षा झाली ती सत्तर वर्षांनंतर, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, तंजावरच्या किल्ल्यात. क्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ हे १७५० साली तरंगंबाडीस आले, पुढे तिरुचिरापल्लीस व अखेर तंजावरास स्थायिक झाले. त्यांना तमिळ, फारसी, हिंदुस्थानी, पोर्तुगीज या भाषा येत, आणि तंजावरच्या दरबारी लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलता यावे म्हणून ते मराठीही शिकले.

१७८० साली हैदरअलीच्या फौजा कर्नाटकात उतरल्या आणि पुढली दोन-तीन वर्षे कावेरीच्या सुपीक खोऱ्यात दुष्काळ पडला. तो पावसाअभावी पडलेला दुष्काळ नव्हता. शेते जाळली गेली होती, कालवे फुटले होते, शेतकरी परागंदा झाले होते. खेड्यांतून लोक तंजावरच्या आश्रयाला येऊ लागले आणि रस्त्यात मरून पडू लागले. श्वार्ट्झ यांनी स्वस्ताईच्या काळातच बराच तांदूळ विकत घेऊन ठेवला होता. त्यातून त्यांनी आपल्या मंडळीला आणि आश्रयास आलेल्या इतरांना अन्न पुरविले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. किल्ल्यातील फौजेचे अन्न संपत आले. आसपासच्या मुलखात धान्य होते, मात्र ते आणण्यासाठी बैल मिळत नव्हते. राजाने आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांनी पैसे देऊ केले, तरी कोणी पुढे येईना. पूर्वी दिलेली वचने पाळली गेली नव्हती, हे शेतकरी विसरले नव्हते. शेवटी श्वार्ट्झ यांना शब्द द्यायला सांगण्यात आले. पैसे मी माझ्या हाताने चुकते करीन, असे त्यांनी कळविले. दोन-तीन दिवसांत हजारांवर बैल जमले आणि अल्पावधीत ८०,००० कलम धान्य किल्ल्यात आले. ('कलम' हे त्या भागातील धान्याचे माप.) श्वार्ट्झ यांनी प्रत्येकाचा हिशेब चुकता केला.

या प्रसंगात चमत्कार शोधू नये. तांदूळ स्वस्त असताना घेतला होता, एवढी त्यातील दूरदृष्टी. शब्दावर बैल आले, कारण त्याआधीची कित्येक वर्षे त्या माणसाने लहानसहान व्यवहारांत शब्द पाळला होता. संकटाच्या दिवशी विश्वास निर्माण करता येत नाही. तो आधीच साठवावा लागतो. आपत्तीचा इशारा देणारा अधिकारी, गावचा सरपंच, रुग्णालयातील परिचारिका, यांचे म्हणणे लोक संकटात ऐकतात की नाही, हे त्यांच्या आदल्या वर्षांच्या वागणुकीवर अवलंबून असते.

धर्मप्रसार हा श्वार्ट्झ यांचा उद्देश होता, हे लपविण्याचे कारण नाही. तरीही राजे तुळजाजी यांनी १७८७ साली मरणापूर्वी आपल्या दत्तक पुत्राच्या, सरफोजींच्या, हिताची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. सरफोजी त्यांच्या देखरेखीखाली वाढले, मद्रासला शिकले, १७९८ साली गादीवर बसले, आणि अखेरपर्यंत शिवभक्त हिंदूच राहिले. गुरूंकडून त्यांनी धर्म घेतला नाही. नोंद ठेवण्याची, पाहून खात्री करण्याची आणि तयारीत राहण्याची वृत्ती मात्र त्यांच्या ठायी पुरेपूर दिसते. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी व विलायती वैद्यकाचे उपचार होत. डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदी त्यांनी करवून घेतल्या आणि त्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. दोनशे वर्षांपूर्वीचे हे केसपेपर आजच्या नेत्रतज्ज्ञांनीही अभ्यासले आहेत. पट्टुकोट्टईनजीकच्या किनाऱ्यावर त्यांनी एक आठ मजली बुरूजवजा इमारत उभारली. ब्रिटिशांनी नेपोलियनवर मिळविलेल्या विजयाचे ते स्मारक, पण दीपगृह म्हणूनही तिचा उपयोग होई. तमिळ लोक तिला आजही 'मनोरा' म्हणतात. मराठी माणसाला त्या शब्दाचा अर्थ विचारावा लागत नाही.

२६ डिसेंबर २००४

त्या दिवशी रविवार होता आणि नाताळचा दुसरा दिवस. सकाळी सहा वाजून एकोणतीस मिनिटांच्या सुमारास सुमात्राच्या पश्चिमेस समुद्रतळाखाली ९.१ क्षमतेचा भूकंप झाला. सुमारे बाराशे ते तेराशे किलोमीटर लांबीचा तळ सरकला आणि त्याने वरचे सगळे पाणी ढकलले. अशी लाट खोल समुद्रात ताशी सातशे-आठशे किलोमीटर वेगाने, म्हणजे जेट विमानाच्या गतीने, जाते. पण तेथे तिची उंची इतकी थोडी असते, की वरून जाणाऱ्या होडीला ती जाणवतही नाही. किनारा उथळ होऊ लागला की तिचा वेग कमी होतो आणि मागून येणारे पाणी चढत जाते. म्हणूनच त्या सकाळी खोल समुद्रात गेलेले मच्छीमार वाचले, आणि परत येणाऱ्या होड्यांची वाट पाहत वाळूवर थांबलेल्या, मासळी निवडणाऱ्या आणि विकणाऱ्या बायका व त्यांची मुले बुडाली.

भूकंप आणि लाट यांच्यामध्ये नागपट्टिनमच्या किनाऱ्याला सुमारे अडीच तास मिळाले होते. अडीच तासांत माणूस चालत दहा किलोमीटर आत जाऊ शकतो. येथे एक-दोन किलोमीटरही बहुतेक ठिकाणी पुरेसे होते. पण हिंदी महासागरासाठी इशाऱ्याची यंत्रणाच नव्हती. तमिळनाडूत सुमारे आठ हजार माणसे मरण पावली आणि त्यांपैकी सहा हजारांहून अधिक एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यातली. तरंगंबाडी त्याच जिल्ह्यात होती. जवळच्या वेलंकणीला नाताळसाठी आलेले यात्रेकरू किनाऱ्यावर होते. त्यांतील कितीतरी परत गेले नाहीत. त्यांची प्रार्थना कमी पडली असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. त्यांच्यापर्यंत इशारा पोहोचला नाही.

जेथे पोहोचला, तेथे काय झाले? पुदुच्चेरीजवळ नल्लवाडु नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाच्या साहाय्याने तेथे एक माहिती केंद्र चालत असे. लाटांची उंची, हवामान, उपयुक्त सूचना ध्वनिक्षेपकावरून रोज गावाला ऐकविल्या जात. त्या सकाळी सिंगापूरला काम करणाऱ्या गावच्या एका तरुणाने दूरचित्रवाणीवर बातमी पाहून घरी फोन केला. तेवढ्यात गावात पाणी शिरू लागल्याचेही कळले. लोकांनी माहिती केंद्र उघडून ध्वनिक्षेपकावरून सर्वांना निघून जायला सांगितले. सुमारे ३,६०० वस्तीच्या त्या गावात घरे आणि होड्या गेल्या, पण माणूस एकही गेला नाही. भोंगा संकटासाठी म्हणून कपाटात ठेवलेला असता, तर त्या दिवशी किल्ली कोणाकडे आहे येथपासून शोध सुरू झाला असता. तो रोज वाजत होता, म्हणून चालू होता. त्यावरचा आवाज ओळखीचा होता, म्हणून लोक पळाले. तंजावरच्या बैलांची आणि या भोंग्याची गोष्ट मला एकच वाटते.

वेदारण्यमजवळच्या नालुवेदपती गावाने २००२ साली एका दिवसात ८०,२४४ रोपे लावण्याचा विक्रम केला होता. तेथे लाटेचा जोर झाडांनी अडविला, असे त्यानंतर पुष्कळ लिहिले गेले. किनाऱ्यावरची सुरू आणि खारफुटी जरूर जपावी. पण झाड पाण्याला थोडे थोपविते. पळायला लागणारी मिनिटे देते. पळावे मात्र माणसालाच लागते.

ऑक्टोबर २००७ मध्ये हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेत भारताचे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. समुद्रतळावरील दाबमापक आणि किनाऱ्यावरील भरतीमापक यांच्या आधारे ते काही मिनिटांत इशारा देऊ शकते. २०२० साली ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना त्सुनामीसाठी सज्ज गावे म्हणून युनेस्कोच्या महासागर आयोगाची मान्यता मिळाली. तेथील कामात मोठे यंत्र असे काहीच नाही : सुटकेच्या वाटेवरचे फलक, शाळेतील सराव, कोण कोणाला कळवील याची यादी. नोव्हेंबर २०१८ मध्ये 'गाजा' चक्रीवादळ वेदारण्यमच्याच किनाऱ्यावर आले. तेव्हा इशारा आधी मिळालेला होता आणि हजारो लोक आधीच हलविले गेले होते. नारळाच्या बागा जमीनदोस्त झाल्या आणि माणसेही दगावली, पण २००४ सारखा संहार झाला नाही.

आपल्या किनाऱ्याकडे पाहताना

त्सुनामी हे पूर्व किनाऱ्याचे दुखणे, असे आपल्याकडे समजले जाते. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि सकाळी मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारे दोन मीटर उंचीची लाट येऊन माणसे वाहून गेली, हे फार थोड्यांच्या स्मरणात आहे. तरी कोकणपट्टीतील रोजचे संकट वेगळे : चक्रीवादळ, खाडीतील ओढ, ओसरतीचे पाणी आणि पावसाळा. त्यामुळे पुढील मजकूर सर्व प्रसंगांना लागू पडेल असाच घेतला आहे.

समुद्राचे पाणी अचानक फार मागे हटले, विमानासारखा घोंघाट आला किंवा जमीन बराच वेळ हलत राहिली, तर इशाऱ्याची वाट न पाहता उंचावर किंवा आत जावे. उघड्या पडलेल्या तळावर मासे वेचायला जाऊ नये. २००४ साली अनेकांनी तेच केले. यांपैकी एकही खूण न दिसता लाट येऊ शकते, म्हणून अधिकृत इशारा आला तर समुद्र शांत दिसत असला तरी निघावे. पहिली लाट सर्वांत मोठी असतेच असे नाही. तासाभराने सामान पाहायला परतलेली माणसे दुसऱ्या-तिसऱ्या लाटेत सापडतात.

चक्रीवादळात मोबाइल बंद पडणार हे गृहीत धरावे. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळानंतर रायगड-रत्नागिरीतील कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज आणि फोन नव्हते. घरातील सर्वांनी कोठे भेटायचे, म्हाताऱ्यांना कोण आणील, हे आधीच ठरलेले असावे, आणि ते लहान मुलांनाही पाठ असावे. वारा एकदम थांबला तर वादळ संपले असे समजून बाहेर पडू नये. तो मधला डोळा असू शकतो. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने पुन्हा सुटतो, आणि पत्र्याने कापल्याच्या जखमा बहुधा त्याच वेळी होतात. पडलेली वीजतार मेली आहे, असे कधीही मानू नये.

बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी उडी मारणारा स्वतः बुडतो, ही बातमी दर पावसाळ्यात येते. आधी हाक मारून मदत बोलवावी; मग दोर, बांबू, बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावे. बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबून किंवा त्याला उलटे करून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. तो श्वास घेत नसेल, तर उताणा निजवून, नाक चिमटीत धरून, तोंडाने आधी पाच श्वास द्यावेत, आणि मग छातीच्या मध्यभागी जोराने व भरभर तीस वेळा दाबणे आणि दोन श्वास, असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. बुडालेल्याला प्रथम हवा हवी असते. हे वाचून येत नाही, हाताने करून पाहावे लागते. अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणात शाळेतील मोठी मुलेही ते शिकतात.

पूर ओसरल्यावर घर साफ करताना पायात बूट घालावेत आणि पायावरची जखम झाकावी. उंदरांच्या मुत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर पाण्यात वावरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पाणी खळाळून उकळूनच प्यावे. घरात शिरलेल्या सापाचा दंश झाल्यास आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे यांतले काहीही करू नये. अंगठी-बांगड्या काढाव्यात, हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात थेट जावे.

आता रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी, कारण याविषयी फारसे कोणी सांगत नाही. आपत्तीत वाचलेली माणसे पुढच्या आठवड्यात दगावतात ती बहुधा जखमांनी नव्हे. रक्तदाबाच्या, फिटच्या, हृदयाच्या गोळ्या पाण्यात गेल्या आणि खंड पडला, यामुळेही. ज्यांच्या घरी नेहमीचे औषध घेणारे कोणी आहे, त्यांनी किमान आठवड्याची औषधे, चष्म्याची जुनी जोडी, विजेरी, शिट्टी, जलसंजीवनीची पाकिटे आणि कागदपत्रांच्या प्रती एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळ टांगाव्यात. ती पिशवी माळ्यावर जाऊ नये. दर महिन्याला नवी औषधे आणली की पिशवीतील जुनी वापरायला काढावीत आणि नवी तीत ठेवावीत. नाहीतर गरजेच्या दिवशी पिशवीत मुदत संपलेल्या गोळ्या निघतात. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाने वादळाचा इशारा मिळताच केंद्राला फोन करून आपली पाळी आधी घेता येईल काय, हे विचारावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वीज गेली म्हणून कुपी टाकून देऊ नये. वापरात असलेली कुपी उन्हापासून दूर, थंड जागी सुमारे चार आठवडे टिकते. एका मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू भरून, तीत दुसरे लहान मडके बसवून, त्यात कोरड्या डबीत ती ठेवावी आणि वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवावी. कुपी थेट बर्फावर ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

आणि रुग्णालयातून घरी जाताना औषधांच्या चिठ्ठीची दुसरी प्रत मागून घ्यावी. एक घरच्या त्या पिशवीत राहील, दुसरी किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या नातलगाकडे द्यावी.